जामीन राहिलेला भाऊ

शास्त्राभ्यासात शिकवणाऱ्याची खुर्ची एकच असावी आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर मुकाट्याने बसावे, अशी दादांची साधी, सरळ आणि त्यांच्या मते निर्विवाद भूमिका होती. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत दर आठवड्याला जे चाले त्याला अभ्यास म्हणायला ते तयार नव्हते. तिथे खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असत, आणि गोलाच्या मध्यभागी आणखी एक, हात नसलेली, बसताच कुरकुरणारी खुर्ची. वर्ग घेणाऱ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती, इतकेच. त्यांची पद्धत अशी की उतारा वाचून झाला की एकाने मधल्या खुर्चीवर बसायचे, उताऱ्यातल्या कोणा एकाच्या वतीने ‘मी’ म्हणून बोलायचे, आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारायचे. ‘तो’ म्हणायचे नाही. ‘इथे असे सुचवायचे आहे’ हे तर मुळीच म्हणायचे नाही. आता हे वाक्य काढून घेतल्यावर दादांपाशी बोलण्यासारखे उरणार काय, याचा विचार बाईंनी केला नसावा. किंवा नेमका केला असावा.

गेले कित्येक आठवडे वर्गात त्या भावांची कथा चालली होती. बापाच्या लाडक्याला इतरांनी खड्ड्यात टाकले, वाटसरू व्यापाऱ्यांना विकले, आणि त्याचा अंगरखा रक्तात भिजवून म्हाताऱ्यापुढे धरला. पुढे दुष्काळ पडला. भाऊ धान्य मागत परमुलुखात गेले, तर कोठारांवर अधिकारी म्हणून तोच बसलेला. त्याने त्यांना ओळखले. त्यांनी त्याला ओळखले नाही.

“आज खड्ड्यातला भाऊ मी होतो,” विमावाले उठत म्हणाले. विम्याच्या धंद्यात मुरलेला हा गृहस्थ कोणत्याही दुःखाचा हप्ता भरायला तयार असे. “माझ्या मेहुण्यांनी मला जे केलंय ना, बाई, ते ऐकाल तर—”

“मागच्या खेपेला ऐकलं. त्याच्या आधीही ऐकलं,” बाई म्हणाल्या. “खड्ड्यात सगळ्यांनाच पडायचंय. ढकलायला मेलं कोणी पुढे येत नाही.”

“मुळात हा भाऊच मला पटत नाही,” दादांनी तोंड घातले. “ओळखलं ना? मग सांगून मोकळं व्हायचं. हेर म्हणून कोंडायचं काय, गोणीत पेला लपवून चोर ठरवायचं काय! एवढा मोठा अधिकारी, आणि हा पोरखेळ? याचं समर्थन कसं करणार ते मला एकदा—”

“तुम्ही त्याच्या जागी असतात तर?”

“मी त्याच्या जागी नाही. मी त्याच्याविषयी बोलतोय.”

“तीच तर तुमची अडचण आहे, दादा,” बाई म्हणाल्या, आणि पोस्टातल्या मावशी खो-खो हसल्या.

मावशी पोस्टातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, आणि त्यांचे दात त्याही आधी निवृत्त झाले होते. आतापर्यंत त्या हसताना तोंडावर पदर धरीत. आज पदर नव्हता. दादांनी सहज पाहिले, आणि मग ते पाहतच राहिले.

दादांचा धंदा कवळ्यांचा. गावातले दंतवैद्य हिरड्यांची मापे घेऊन त्यांच्याकडे पाठवीत, आणि दादा आपल्या कारखान्यात मेणावर दात बसवून कवळ्या तयार करीत. कारखाना म्हणजे खरे तर घरालगतची लांबट खोली : एका टोकाला प्लास्टरची पिंपे, मध्ये मेण वितळवण्याची शेगडी, आणि खिडकीपाशी बाक, ज्याच्यावर लोकांचे जबडे ओळीने सुकत पडलेले असत. दादांच्या हातची कवळी ताबडतोब ओळखू येई. पट्टी लावावी इतकी सरळ रांग, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. मावशींच्या तोंडातले दात मात्र कवायतीतले नव्हते. समोरच्या दोन दातांच्या डावीकडचा दात केसभर आत वळलेला होता आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर किंचित रेलला होता. असा दात जाणूनबुजून बसवणारा माणूस दादांच्या माहितीत एकच होता. तो त्यांचा सख्खा भाऊ होता, आणि तो परमुलुखात कुठेतरी आहे अशी त्यांची समजूत होती.

“मावशी, जरा तोंड उघडा,” दादा म्हणाले.

“अग्गोबाई! इथे?”

“जरा. वर उजेडाकडे.”

“दादा, प्रार्थनेची खोली आहे,” बाईंनी बजावले.

“मी काय जबडा उपटून नेतोय? वरची काढून दाखवलीत तरी चालेल.”

“मला नाही चालणार!” मावशी म्हणाल्या; परंतु नव्या दातांचा अभिमान लाजेपेक्षा मोठा असल्यामुळे त्यांनी तोंड उघडले. दादांनी चष्मा वर सरकवला, वाकून डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, आणि दारात नको तो पाहुणा दिसावा तसे मागे सरकले.

“कोणी केली?”

“नदीपलीकडे नवा आलाय ना एक. गाडीतळाच्या मागे. फार गोड माणूस. मला म्हणाला, मावशी, पूर्वी तुमचा दात कसा होता त्याचा फोटो आणा. तुम्ही काय हो, कधी फोटो मागितला नाहीत.”

विमावाले पुढे कोणत्या मेहुण्याविषयी काय बोलले, हे दादांना आठवत नाही.

घरी पोहोचेपर्यंत त्यांचा निष्कर्ष पक्का झाला होता. मावशी दर आठवड्याला वर्गाला येतात. दादाही येतात. धाकट्याला हे ठाऊक असणारच. तेव्हा मावशींच्या तोंडातला तो वाकडा दात हा साधा दात नसून निरोप आहे. गोणीत लपवलेला पेला आहे. धाकटा त्यांची परीक्षा पाहतो आहे! स्वतः समोर यायचे नाही, म्हातारीच्या तोंडातून खुणा करायच्या, आणि थोरल्याने धावत येऊन पायाशी लोळण घ्यावी अशी वाट बघायची.

“ऐकलंस का? तो आलाय,” त्यांनी बायकोला सांगितले आणि सगळी उपपत्ती मुद्देसूद मांडली.

बायको बाबांसाठी लापशी घोटत होती. तिने पळी थांबवली नाही. “माणसाने पोटासाठी एक कवळी केली, अहो. तुम्हाला त्यात शास्त्र दिसलं.”

“तू त्याला ओळखत नाहीस.”

“मी ओळखते. तुम्ही त्याच्या दातांना ओळखता. आलाय म्हणताय, तर जा की भेटायला.”

“मी का जाऊ? सोडून कोण गेलं? कारखाना, दुखणीखुपणी, बाबा, सगळं माझ्या गळ्यात टाकून कोण गेलं? खड्ड्यात मी पडलोय!”

“मग त्याला काय वाटत असेल?”

“त्याला वाटत असेल की तोच पडलाय. तेच तर म्हणतोय मी!”

“छान. म्हणजे दोघंही खड्ड्यात. वर आहे कोण, दोरी टाकायला?”

वर बाबा होते. पण बाबांपाशी दोरी नव्हती, आणि दातही नव्हते. त्यांची कवळी धाकट्याने घर सोडण्यापूर्वी केलेली होती. ती दादांनी सांधली, अस्तर लावले, तडा बुजवला, पुन्हा सांधली. शेवटी हिरड्याच झिजल्या आणि ती तोंडात खुळखुळू लागली, नंतर एके सकाळी दुभंगली. दादांनी नवी केली. बाबांनी ती घातली, दोनदा चावून पाहिली, आणि बशीत थुंकली. “शेजाऱ्याच्या तोंडातली वाटते,” हा अभिप्राय. दादांनी आणखी एक केली. “ही त्याच्या बायकोच्या.” तेव्हापासून बाबा लापशीवर होते. अंगरखा खांद्यावरून घसरू लागला होता, मनगटातले घड्याळ कोपरापर्यंत जाई, आणि जीभ मात्र दिवसेंदिवस पुष्ट होत चालली होती.

“काय कुजबुज चाललीय?” आतून आवाज आला. “लापशी असेल तर नको. भिंतीला लावा.”

“बाबा, नवी कवळी घातलीत तर सफरचंद देईन!”

“धाकट्याच्या हातची आण, मग दे.”

दादांनी दातओठ खाल्ले. या घरात ती सोय आता त्यांनाच होती.

“अहो,” बायको हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या शास्त्रातले भाऊ गेले ते काही परीक्षा द्यायला गेले नव्हते. घरात म्हातारा उपाशी होता म्हणून गेले. इथे वेगळं काय आहे?”

या प्रश्नाला उत्तर होते. दादांपाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. फक्त ते त्यांना त्या क्षणी सापडले नाही, आणि त्याचा राग त्यांनी पळीवर काढला; ती त्यांना जेवणाच्या टेबलावर नको तिथे ठेवलेली आढळली.

पुढच्या वर्गाला बाईंनी उतारा नेमला तो पेला सापडल्यानंतरचा. सर्वांत धाकट्या भावाच्या गोणीत अधिकाऱ्याचा पेला निघाला आहे, त्याला गुलाम म्हणून ठेवून घेण्याचा हुकूम झाला आहे, आणि जो भाऊ म्हाताऱ्यापाशी त्या पोरासाठी जामीन राहिला होता, तो पुढे होऊन बोलतो. त्या भावाची खुर्ची बाईंनी दादांना दिली.

“हा तोच ना, ज्याने विकायची कल्पना काढली?” दादांनी विचारले.

“तोच.”

“मग मी नको. विमावाल्यांना द्या.”

“विमावाल्यांना जामिनाचा मुळीच अनुभव नाही,” बाई म्हणाल्या. विमावाल्यांनी हे खेदाने मान्य केले.

घेतलेले काम अर्धवट करणे दादांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी त्या भावाचा बचाव तयार केला. रात्री जेवणानंतर आणि सकाळी मेण तापेपर्यंत ते मुद्दे जुळवीत राहिले : पेल्याचा पुरावा संशयास्पद आहे, गोण्या भरणारा नोकर अधिकाऱ्याचाच आहे, मागच्या खेपेस गोण्यांत निघालेले आणि आपणहोऊन परत आणलेले पैसे भावांची सचोटी सिद्ध करतात, आणि खड्ड्याचा जुना प्रसंग प्रस्तुत खटल्यात आणता येत नाही. बचाव इतका बळकट झाला की आपण चुकून त्या भावाचे वकीलपत्र घेतले आहे की स्वतःचे, याचा त्यांना क्वचित संभ्रम पडे.

ठरल्याप्रमाणे ते मधल्या खुर्चीवर बसले. खुर्ची कुरकुरली. नियमाप्रमाणे आधी त्या भावाचे बोलणे मोठ्याने वाचायचे होते. दादांनी ते पूर्वी अनेकदा वाचले होते, पण प्रतिपक्षाचे कागद वाचावेत तसे, म्हणजे खोट काढण्यापुरते. आता स्वतःच्या तोंडाने वाचताना ते एका वाक्यावर अडखळले, पुढे गेले, आणि पुन्हा अडखळले. ते आपला मुद्दा शोधत होते. मुद्दा येईना. पेला आम्ही घेतला नाही, असे तो कुठेच म्हणत नव्हता. नोकरावर शंका घेत नव्हता. इतके लांबलचक भाषण, आणि बचावाचे एक वाक्य त्यात नसावे! फिरून फिरून एकच : आमचा बाप म्हातारा आहे, बापाचा जीव या पोरात आहे, पोर परत गेले नाही तर बाप मरेल, त्याच्या जागी मला ठेवा, कारण बापाचे ते हाल मला पाहवणार नाहीत.

“हे कसलं भाषण?” दादा पुस्तक मांडीवर आपटून म्हणाले. “याला वाद घालता येतच नाही!”

“ ‘मला’ म्हणा,” बाई म्हणाल्या.

“मला वाद घालता येत नाही, असं?”

“मी काही बोलले नाही.”

“मी विचारू?” पोस्टातल्या मावशींनी वर्गात शोभेल असा हात वर केला. “बापाचा जीव धाकट्यावर, तुमच्यावर नाही. हे तुम्हीच तुमच्या तोंडाने परक्या अधिकाऱ्याला सांगताय. तुम्हाला वाईट नाही वाटत हो?”

दादांनी तोंड उघडले.

“वाटतं,” ते म्हणाले. “वाटायचं काय राहतंय? सगळं मी केलं. सकाळ-संध्याकाळ मी केलं. आणि हाक त्याच्या नावाने.” ते क्षणभर चष्म्याच्या काचा पुसत राहिले. “पण जेवत नाही ना तो. म्हातारा. मग माझ्या वाटण्याचं काय लोणचं घालायचं?”

यातले किती त्या भावाचे आणि किती दादांचे, हे कोणी विचारले नाही. बाईंनी नियमभंगाबद्दल टोकले नाही, म्हणजे नियम पाळला गेला असावा. दादा उठले, “मला काम आहे,” म्हणाले, आणि शेवटच्या प्रार्थनेला न थांबता बाहेर पडले. हा प्रकारही पहिलाच.

गाडीतळामागच्या गल्लीत दिवे नुकते लागले होते. धाकट्याचा कारखाना एका टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर होता. दार उघडे होते. आत तीच पिंपे, तीच शेगडी, खिडकीपाशी तसाच बाक. आणि बाकावर वाकलेला, मधोमध टक्कल पडलेला एक माणूस मेणात दात बसवत होता. वाटेत दादांनी तीन-चार उत्तम सुरुवाती योजल्या होत्या.

“दार लावून घ्या, धूळ येते मेणात,” तो माणूस मान वर न करता म्हणाला.

दादांनी दार लावले. “तो दात अजून वाकडाच बसवतोस,” ते म्हणाले. योजलेल्या सुरुवातींत ही नव्हती.

धाकट्याच्या हातातली सुरी थांबली. तो सावकाश वळला. बराच वेळ त्याने दादांकडे पाहिले, आणि दादांना एकदम जाणवले की तो ओळखण्याचा प्रयत्न करतो आहे. आवाज त्याला ओळखीचा वाटतो आहे, पण समोरचा पांढऱ्या भुवयांचा, खांद्यातून वाकलेला म्हातारा त्या आवाजात बसत नाही.

“दादा? किती म्हातारा झालास!”

“आणि तू कोण, नवरदेव? मावशींच्या तोंडी निरोप धाडलास, तो पोचला.”

“कोण मावशी?”

“पोस्टातल्या. त्यांच्या तोंडात मुद्दाम तुझी खूण—”

“कसली खूण? त्यांचा दातच तसा होता. फोटो आहे.” धाकट्याने खरोखरच खण उघडून फोटोचे पाकीट शोधायला सुरुवात केली. “तुला वाटलं, मी म्हातारीच्या कवळीतून तुला निरोप धाडीन? दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?”

आठवडाभर जोपासलेली उपपत्ती अशी एका फोटोने कोसळावी, हे दादांना फार लागले. “मग आल्यावर घरी का आला नाहीस?”

“तू दारात उभं करशील याची खात्री कोणी द्यायची? त्या दिवशी मी केलेल्या कवळीतला दात तू माझ्या पाठीमागे गरम सुरीने सरळ केलास. वर डॉक्टरला म्हणालास, पोराची नजर चुकली. दादा, माझी नजर चुकली नव्हती. आणि तू—”

इथे दादांपाशी उत्तर होते. एक नव्हे, अनेक; क्रमवार लावलेली, वर्षानुवर्षे घासून लखलखीत केलेली. डॉक्टरनेच तक्रार केली होती. गिऱ्हाईक हातचे जात होते. आणि एका दातासाठी कोणी घर सोडते का? सगळी उत्तरे ओठांवर आली, तिथे त्यांनी ती अडवली, आणि अडवताना त्यांना जो त्रास झाला तो त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसला.

“बाबा जेवत नाहीत,” ते म्हणाले. “तू केलेली कवळी मोडली. माझी घालत नाहीत. लापशीवर आहेत, तीही भिंतीला लावा म्हणतात. घड्याळ कोपरापर्यंत जातं. तुझ्या हातचीच हवी म्हणतात. तेव्हा चल.”

“मी तुझ्याशी बोलतोय त्याचं काय?”

“ते नंतर बोल. रोज बोल. माझ्या तोंडावर बोल. दाताबद्दल म्हणशील ते मी— ऐकून घेईन.” ‘मान्य करीन’ हा शब्द त्यांच्या घशातून आला नाही, जो आला तोही सोलवटून आला. “पण आधी चल. म्हातारा खंगत चाललाय रे, आणि मला ते बघवत नाही.”

धाकटा उभा राहिला. त्याने शेगडी विझवली, मेण झाकले, मापाच्या वाट्या आणि पुडीचा डबा पिशवीत टाकला. “मापाच्या लेपाची पुडी कोणती वापरतोस हल्ली?” त्याने पाठमोरा असतानाच विचारले.

“नेहमीची.”

“भिकार आहे ती,” धाकटा म्हणाला, आणि बाही डोळ्यांवरून फिरवली.

कायद्याने माप डॉक्टरने घ्यायचे असते. परंतु स्वतःच्या बापाच्या तोंडात बोट घालायला कोणाची परवानगी मागायची, यावर वाटेत दोघांचे, पहिल्यांदाच, एकमत झाले.

बाबा उशीला टेकून बसले होते. पुडी स्वयंपाकघरातच कालवून दोघे दारातून आत आले. धाकट्याला पाहून त्यांचे ओठ आत ओढले गेले, हनुवटी वर आली, आणि हात पांघरुणावर काहीतरी शोधू लागला. ते बोलणार तोच धाकटा घाईने म्हणाला, “बाबा, आधी तोंड उघडा. पुडी कालवलीय, घट्ट होईल.” त्याला बहुधा ऐकवले नसते.

बाबांनी तोंड उघडले. धाकट्याने लेप भरलेली वाटी आत बसवली आणि दोन बोटांनी दाबून धरली. दादांनी मागून डोके धरले. अशा रीतीने आयुष्यभर न थांबलेली जीभ, नेमकी बोलायच्या क्षणी, बंद झाली.

“हलू नका, बाबा.”

“डोकं जास्त मागे घेतलंस, दादा. घशात उतरेल.”

“मी काल जन्मलो नाही. तू डाव्या बाजूला कमी दाबतोयस.”

“बरोबर दाबतोय.”

“कमी आहे. तुला तेव्हाही सांगितलं होतं—”

“अहो, भांडू नका त्यांच्या डोक्यावर!” बायको दारातून म्हणाली. “रडताहेत ते.”

बाबा रडत होते. आवाज करता येत नव्हता. पाणी डोळ्यांच्या कडांनी वाहत दादांच्या बोटांवर येत होते, आणि पांघरुणावरच्या हाताने धाकट्याची बाही घट्ट पकडली होती. दादांनी ते पाहिले. त्यांनी डोके धरून ठेवले.

लेप घट्ट झाला. धाकट्याने वाटी काढली. बाबांनी जीभ फिरवली, श्वास घेतला, आणि इतका वेळ कोंडलेले वाक्य बाहेर पडले :

“इतके दिवस कुठे मेले होतात दोघं?”

“दोघं?” दादांचा आवाज चढला. “बाबा, मी इथेच होतो! रोज! या खोलीत!”

“असशील. तो नसतानाही सतत त्याच्याशी भांडताना ऐकू यायचास. माझ्याशी बोलताना नाही आठवत.” त्यांनी मान वर करून दादांकडे उलटे पाहिले. “हात गरम आहेत तुझे. राहू दे तसेच.”

दादांनी हात तसेच राहू दिले. उत्तर सुचले नाही, आणि या खेपेला त्यांनी ते शोधलेही नाही.

धाकट्याने वाटी दिव्यापाशी नेऊन तिरपी केली. दादा मान लांबवून पाहू लागले. हिरडीच्या ठशावर मधोमध एक लाट उमटली होती. हनुवटी थरथरली होती तिथे.

“बिघडलं,” धाकटा म्हणाला.

“बिघडलं,” दादांनी दुजोरा दिला. “पुन्हा घ्यावं लागेल.”

“मी रडणार नाही,” बाबा कुरकुरले. “लवकर करा. भूक लागलीय.”

“पाणी कोमट लागेल, वहिनी,” धाकटा म्हणाला, आणि त्याने पुडी कालवायला घेतली.